जुना मेटल डिटेक्टर: सगळं मिळतं, कॉइल सोडून

(दृश्य: टेबलावर टेसोरोचा जुना डिटेक्टर, मागचं झाकण उघडलेलं.)

ॲरिझोनातल्या प्रेस्कॉटची टेसोरो कंपनी १९८० पासून मेटल डिटेक्टर बनवत होती. यंत्राच्या पहिल्या मालकाला आजीवन वॉरंटी मिळायची. २०१८ मध्ये कंपनीला टाळं लागलं आणि तिच्याबरोबर वॉरंटीही गेली. ओरेगॉनची व्हाइट्स तर १९५० ची. तीही २०२० मध्ये बंद पडली. यंत्रं मात्र अजून हातात आहेत, आणि चांगली आहेत. अडतं ते सुट्या भागांवर.

सर्किट बोर्डावर फारसं अडत नाही. तिथले भाग सगळ्या इलेक्ट्रॉनिक्सचे असतात तसेच. ३५८ किंवा ४०६६ सारखे आयसी, म्हणजे चिप, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा घ्या. १६ व्होल्टच्या जागी २५ व्होल्टचा चालतो, २५ च्या जागी १६ चा नाही.

(दृश्य: बॅटरीच्या टोकावर साचलेला पांढरट-हिरवा थर.)

अल्कलाइन सेल गळला की असा थर येतो. कापसाच्या बोळ्याने विनेगर लावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पण तेवढ्यावर थांबू नका. ते क्षार वायरच्या प्लास्टिकखालून वर चढतात. तिथे तांबं काळं पडतं आणि काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही. अशी वायर तोडून सांधायची नाही, अख्खी बदलायची.

पॉट, म्हणजे नॉबच्या खालचा फिरवायचा रेझिस्टर, खरखरत असेल तर आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस-तीस वेळा फिरवा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं. बदलावाच लागला तर दांडी मोजून घ्या. अमेरिकन पॉटची दांडी पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आज दुकानात मिळते ती बहुधा ६ ची. जुना नॉब त्यावर डुगडुगतो. लिनिअर (सारख्या प्रमाणात बदलणाऱ्या) पॉटच्या जागी लॉग (असमान बदलणारा) बसवला, तर सगळा फरक नॉबच्या एका टोकाला गोळा होतो.

(दृश्य: कॉइल आणि तिच्यातून बाहेर येणारी केबल, अगदी जवळून.)

खरी अडचण ही आहे: कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची, जमिनीवरून फिरवायची तबकडी. कॉइलच्या आत दोन वेटोळी. एक चुंबकीय क्षेत्र सोडतं, दुसरं उत्तर ऐकतं. दोन्ही एकमेकांवर अशी बसवलेली असतात, की समोर धातू नसताना ऐकणाऱ्या वेटोळ्यात जवळजवळ काहीच येऊ नये. मग वर इपॉक्सी ओततात. आतलं वेटोळं मिलिमीटरभर जरी सुटलं, तरी कॉइल गवताला लागली तरी ओरडते. ती फोडून दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये.

पण मेलेली वाटणारी प्रत्येक कॉइल मेलेली नसते. प्लगच्या पिनांवर मल्टीमीटर ओमवर लावा आणि केबल कॉइलमध्ये शिरते तिथे हलकेच वाकवा. आकडा येतो-जातो? मग तार तिथेच तुटली आहे, कारण रोजचं वाकणं तिथेच. तुटका तुकडा कापून तार पुन्हा सोल्डर करता येते. आकडा कधीच आला नाही आणि केबल धडधाकट असेल, तरच दुसरी कॉइल शोधा.

शोधताना प्लग बसला म्हणजे जमलं, असं समजू नका. टेसोरोचाच सिल्व्हर मायक्रोमॅक्स १०.६ किलोहर्ट्झवर चालतो, लोबो सुपरट्रॅक १७.८ वर. कॉइल आणि कपॅसिटर मिळून फ्रिक्वेन्सी ठरते: कॉइल १ मिलिहेन्रीची आणि कपॅसिटर ०.२५ मायक्रोफॅरडचा असेल तर सुमारे १० किलोहर्ट्झ. कॉइल १.२ मिलिहेन्रीची झाली की तीच ९.२ वर येते. यंत्र तरीही आवाज देतं, म्हणूनच फसायला होतं. खिळा आणि नाणं यांतला फरक मात्र ते चुकवायला लागतं. त्यामुळे विक्रेत्याकडून मॉडेलचं नाव आणि कॉइलवरच्या लेबलाचा फोटो दोन्ही मागा. फक्त सुट्या भागांसाठी विकायला काढलेलं बंद यंत्र अख्खं घेणं बरेचदा शहाणपणाचं, पण कॉइलचे ओम आधी विचारून.

(दृश्य: कॉइल दांड्याला जोडणारा पांढरा बोल्ट.)

आणि जोडताना बोल्ट नायलॉनचाच वापरा, रबरी वॉशरसकट. इथे लोखंडी बोल्ट लावला, तर कॉइलला सगळ्यात जवळचा धातू तोच असतो.