अक्काचा पंखा आणि रांगेचं भाडं

नमस्कार श्रोतेहो.

गड्ड्याच्या जत्रेत आकाशपाळण्याखाली उभं राहून वडिलांना खिसा चाचपताना ज्यानं पाहिलं नाही, असा सोलापूरकर मला दाखवा. मी वडिलांना पाहिलं, पुढं माझ्या पोरानं मला पाहिलं. मैदान तेच, होम मैदान. धूळही तीच. पाळणेवाला आधी पैसे घ्यायचा, मग दांडी अडकवायचा. मौत का कुआँ बघायचाय? वेगळे पैसे. हसवणारे आरसे? वेगळे पैसे. जेवढं बसाल तेवढं द्या. ही पद्धत जरा ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आज बोलायचंय त्या मोठ्या पाळण्यांविषयी. थीम पार्क, वॉटर पार्क, तिथंच मुक्कामाला रिसॉर्ट. उन्हाळ्याची सुट्टी लागली की घराघरांत हट्ट सुरू होतो आणि परत आल्यावर घराघरांत हिशेब सुरू होतो. माझी सगळी नोकरी बँकेत काउंटरच्या आत गेली, त्यामुळं हिशेब मी करणारच. पण आधी अक्काची गोष्ट सांगतो. आमच्या घरात पाहुणा आला की चहाच्या आधी ही गोष्ट येते, म्हणून इथंही ती आधी.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. पंच्याहत्तरीला टेकलीय. मांडीवर सूप घेऊन तीस वर्षं विड्या वळल्या तिनं, त्यातून दोन पोरी शिकवल्या. आजही कुठल्या गोष्टीची किंमत सांगितली की ती मनात विड्यांत मोजते. मागच्या वर्षी मे महिन्यात नातवंडांनी धोशा लावला. मुलानं मोबाइलवर बघितलं आणि म्हणाला, "बाबा, माणशी सोळाशे." आम्ही सात जण. सोळा सत्ते बारोदरसे. अकरा हजार दोनशे. मी म्हटलं, चला, होऊन जाऊ द्या. श्रोतेहो, माझी चूक इथंच झाली. गेटचं तिकीट म्हणजे सहलीचा खर्च नव्हे. परत सांगतो, गेटचं तिकीट म्हणजे सहलीचा खर्च नव्हे.

पहाटे चारला गाडी काढली. त्या बागेचं नाव घेत नाही, कारण ही गोष्ट कुठल्याही बागेत घडू शकते. अक्काच्या पिशवीत काय आहे हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. गेटवर तपासणी. बोर्ड लावलेला, बाहेरचं खाणं आत नेता येणार नाही. सूनबाईची बिस्किटं गेली, नातवाचे चिवड्याचे पुडे गेले. मग अक्काची पिशवी. वर एक जादा लुगडं, लुगड्याखाली फडकं, फडक्यात कडक भाकऱ्यांची चळत. ज्वारीच्या, पातळ, ताटाएवढ्या. आणि तळाशी स्टीलच्या डब्यात शेंगा चटणी.

(चटणीवरून एक सांगून टाकतो. शेंगा चटणी उखळात कुटलेलीच असते. तेल सुटून बोटाला चिकटली पाहिजे. मिक्सरमध्ये फिरवतात ती चटणी नव्हे, ते शेंगदाण्याचं तिखट कूट. घरी सूनबाई ऐकत असेल, ऐकू दे.)

तर तो पोरगा, गेटवरचा. एक भाकरी त्यानं दोन बोटांत उचलली, उन्हात धरली, उलटी करून बघितली. "माताजी, ये क्या है?" अक्का एरवी मराठीशिवाय काही बोलत नाही. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. भाकरी त्याच्या हातातून शांतपणे काढून घेतली, तोंडापुढं धरली आणि वारा घ्यायला लागली.

"पंखा है," म्हणाली. "गरमी बहुत है ना!"

पोरगा बघतच राहिला. त्यानं दुसरी भाकरी घेतली, बोटाच्या पेरानं वाजवली. टक टक. शेजारचा त्याचा जोडीदार आला, त्यानंही वाजवली. टक टक. मागं रांग तुंबलेली, मुलगा शरमेनं आभाळाकडं बघतोय, आणि अक्का ऐटीत वारा घेतेय. शेवटी साहेबाला बोलावणं गेलं. साहेब आला, तिशीतला असेल. त्यानं चळत बघितली, अक्काकडं बघितलं आणि मराठीत विचारलं, "आज्जी, कुठले हो हे पंखे?"

"सोलापूरचे."

"आमच्या बार्शीतपण हेच पंखे आहेत. आई पाठवते मला." पोराकडं वळून म्हणाला, "जाने दो, पंखे हैं." मग डब्याचं झाकण उघडलं, वास घेतला आणि डोळे मिटले. "पण आज्जी, या डब्याला काही पंखा म्हणता येणार नाही बघा. टोकन देतो, संध्याकाळी घेऊन जा."

आत गेलो. सगळ्यात मोठ्या झोक्याची रांग, बाहेर पाटी लावलेली, येथून दीड तास. आणि आमच्या शेजारून दुसरी रांग. ती रांग कसली, मोकळा रस्ताच. माणसं यायची आणि सरळ पुढं जायची. नातू म्हणाला, "आजोबा, हे कसं काय आधी?" मुलगा म्हणाला, त्यांचा पास वेगळा आहे, महाग. अक्का बराच वेळ गप्प उभी होती. मग म्हणाली, "दीड तास म्हणजे माझ्या दीडशे विड्या झाल्या असत्या. तेवढं वाचवायला हे हजार रुपये मागालेत व्हय रे? दीडशे विडीला हजार रुपये मला कुणी दिले असते तर मी हितं कशाला आले असते बे, बंगल्यात बसले असते!"

रांगेत लातूरचं एक कुटुंब होतं. त्यांची पोरं भुकेली, आत जेवणाच्या थाळीचा दर बघून बाप घाम पुसत होता. अक्कानं पंखा मोडला. कडक भाकरी मोडताना आवाज किती होतो, तुम्हाला माहीत आहे. पुढचे चार मागं वळले, मागचे चार पुढं सरकले. दीड तासात नऊच्या नऊ पंखे संपले. चटणी नव्हती, नुसत्याच संपल्या.

दुपारी लाटांचा हौद. तिथं सुती कपडे चालत नाहीत, तंतू सुटून गाळणीत अडकतात म्हणे. कारण खरं असेल, पण पोशाखाचं भाडं वेगळं आणि त्याची अनामतही वेगळी. अक्का आधी नाहीच म्हणाली. मग तो निळा नायलॉनचा पोशाख घालून, डोक्यावर पदरासारखा टॉवेल घेऊन काठावर बसली. समुद्र तिनं उभ्या जन्मात पाहिलेला नव्हता. पाच वाजेपर्यंत उठली नाही.

संध्याकाळी टोकन देऊन डबा घेतला. हलका लागला. झाकण उघडलं तर चटणीचा कण नाही. डबा घासून, पुसून लख्ख केलेला. आणि आत साखरेच्या सहा पुड्या, चहाबरोबर देतात तसल्या कागदी. भांडं रिकामं परत करू नये, एवढं त्या बार्शीच्या लेकराला आठवलं होतं. अक्का तिथंच गेटवर बसून हसली, आणि मग जरा डोळे पुसले.

आता हिशेब. वेळ बराच गेला, काचेपलीकडून मला बोटं दाखवतायत, तेव्हा भराभर सांगतो. तिकिटं ११,२००. दोन खोल्या, एका रात्रीच्या, करासकट २१,२४०. खाणं ९,०००. गाडी ११,०००. लॉकर, पोशाख, फोटो मिळून ३,३००. बेरीज ५५,७४०. म्हणजे गेटचं तिकीट किती? पाचवा हिस्सा. बाकी चार हिस्से गेटच्या आतबाहेर विखुरलेले.

हे असं का होतं, तर मोठी बाग चालवणं हा मोठा जुगार आहे. पाळणा फिरो न फिरो, वीज, कामगार, रोजची तपासणी आणि कर्जाचं व्याज फिरतच असतं. मंगळवारी पावसात बाग ओस, रविवारी पाय ठेवायला जागा नाही. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं, २०२२ मध्ये बंद झालं. दिल्लीचं अप्पू घर १९८४ चं, तेही २००८ मध्ये गेलं. खोपोलीजवळची इमॅजिका २०१३ मध्ये उघडली, कर्जात रुतली आणि २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणींकडं गेली. बँकवाला म्हणून सांगतो, व्याज हा असा पाळणा आहे की त्यातून मधे उतरता येत नाही. वर सरकारचा वाटा. जीएसटी आला तेव्हा या बागांच्या प्रवेशावर २८ टक्के होता, जानेवारी २०१८ मध्ये तो १८ वर आणला.

आणि आता गड्डा आठवा. जेवढं बसाल तेवढं द्या. अमेरिकेत कॅलिफोर्नियात डिस्नेलँड १९५५ च्या जुलैत उघडलं, तेव्हा मोठ्या माणसाला गेटचा दर होता एक डॉलर, आणि आतल्या पाळण्यांचे पैसे वेगळे. अगदी आपल्या होम मैदानासारखं! १९७१ मध्ये फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड उघडलं. गेटला साडेतीन डॉलर, पाळण्यांची कुपनं वेगळी. ते साडेतीन डॉलर महागाई धरून आजचे अठ्ठावीसेक होतील. १९८२ मध्ये त्यांनी कुपनं बंद केली, एकदा आत गेलात की सगळं तुमचं. लोकांना बरं वाटलं. तिकीट मात्र चढत राहिलं. २०१५ मध्ये तिथल्या मुख्य बागेनं शंभर डॉलरची वेस ओलांडली, २०१८ पासून तारखेप्रमाणे दर आले, आणि आता नाताळासारख्या गर्दीच्या दिवशी एका माणसाचं एका दिवसाचं तिकीट दोनशे डॉलरच्या वर जातं.

मला त्याहून रांगेची गोष्ट लागली. १९९९ मध्ये त्यांनी रांग चुकवायची सोय काढली, ती फुकट होती. यंत्रातून चिठ्ठी घ्या, अमक्या वेळेला या. २०२१ मध्ये त्याच सोयीला पैसे लावले. २०२४ मध्ये त्यातला सगळ्यात वरचा पास आला, गर्दीच्या दिवशी माणशी ४४९ डॉलरपर्यंत. आपले साधारण चाळीस हजार रुपये, आणि प्रवेशाचं तिकीट त्यात धरलेलं नाही. म्हणजे बघा, पाळण्याचे वेगळे पैसे बंद केले आणि पाळण्यापर्यंत पोचायचे सुरू केले. रांग जेवढी लांब, तेवढा पास खपणार. मग रांग कमी करायची घाई कुणाला असेल, तुम्हीच सांगा. आपल्याकडंही हे रुजलंय, आणि फक्त बागांत नाही. देवळात पैसे भरून झटपट दर्शन घेणाऱ्यांविषयी माझं मत मी इथं सांगत नाही, कारण मला पुन्हा बोलावतील अशी आशा आहे. पंढरपूरच्या दर्शनबारीत मी रात्रभर उभा राहिलोय, तिथं भेटलेली माणसं अजून फोन करतात, एवढंच म्हणतो.

जायचं असेल तर दोन-तीन गोष्टी. शनिवार-रविवार टाळा, मधल्या वारी जा, दर उतरतो आणि रांगही. तिकीट काढताना गेटचा दर बघू नका, सगळ्या दिवसाची बेरीज करा: खोली, जेवण, गाडी, लॉकर, पोशाख. खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांपर्यंत असेल तर सप्टेंबर २०२५ पासून कर ५ टक्के आहे, त्याच्या वर गेलं की १८. आमची खोली नऊ हजारांची होती, कर १८ टक्क्यांनी बसला. बागेच्या आत न राहता दहा किलोमीटर अलीकडं राहिलो असतो तर निम्म्यात भागलं असतं. आणि कृपा करून मे महिन्यात जाऊ नका. आपल्याकडं पारा ४४ ला टेकतो म्हणून आपण निघतो, आणि तिथं जाऊन उन्हातच रांग लावतो. हिवाळ्यात का नाही जात कुणी, मला कळत नाही. तेव्हा गड्डा असतो, हे एक कारण मला मान्य आहे.

मी घरी जाहीर करून टाकलं होतं, परत नाही, पुढच्या वर्षी हिप्परग्याचं तळं आणि नळदुर्गचा किल्ला, डबे घेऊन. नातवंडं रुसली, मी बधलो नाही. पण गेल्या आठवड्यात अक्का आली. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "त्या लाटांच्या हौदाला परत कधी जायचं रे?" मी ५५,७४० चा आकडा सांगितला. तिनं ऐकून घेतला. विड्यांत मोजला की नाही कोण जाणे. म्हणाली, "मधल्या वारी जाऊ की. पंखे मी करते. आणि चटणीचे दोन डबे घेते ह्या खेपेला, एक त्या पोराला तसाच देऊन टाकायचा."

नमस्कार.