वानवडीत घडलेल्या जनरल: डॉ. माधुरी कानिटकर

(पडद्यावर: सोलापूर रस्ता, सकाळची गर्दी. वानवडीतलं एएफएमसीचं फाटक.)

सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय. पुण्यात एवढं लांबलचक नाव कोणी घेत नाही. एएफएमसी म्हटलं की रिक्षावाला मीटर टाकतो. टाकला तर.

डॉ. बी. सी. रॉय समितीच्या शिफारशीवरून ही संस्था 1948 साली उभी राहिली आणि 1962 पासून इथे एमबीबीएसचे विद्यार्थी घडू लागले. फर्ग्युसनमध्ये शिकणारी एक मुलगी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस या फाटकातून आत आली. 1982 साली ती लष्कराची डॉक्टर म्हणून बाहेर पडली. जवळपास चार दशकांनी तिनं गणवेश उतरवला, तेव्हा नावामागे हुद्दा होता लेफ्टनंट जनरल.

डॉ. माधुरी कानिटकर.

सेनाधिकाऱ्याच्या निवृत्तीवरची फिल्म म्हटली की काही दृश्यं ठरलेलीच. संचलन, सलामी, फुलांनी सजवलेली जीप आणि तिला दोर बांधून ओढणारे सहकारी. तीही हवीतच. पण या कारकिर्दीकडे बघताना आम्हाला त्याआधी एक वही दाखवायची आहे.

(पडद्यावर: शाळकरी वही. तारखा, आकडे, अधिकच्या खुणा.)

कानिटकर बालरोगतज्ज्ञ झाल्या. पुढे दिल्लीच्या एम्समध्ये त्यांनी मुलांच्या मूत्रपिंडविकारांचं प्रशिक्षण घेतलं. सैन्यदलांतल्या या विषयाच्या त्या पहिल्या प्रशिक्षित डॉक्टर. आता हा विषय म्हणजे नेमकं काय, ते एका आजारावरून सांगतो. नेफ्रोटिक सिंड्रोम.

मूल सकाळी उठतं ते डोळे सुजवून. घरचे म्हणतात, झोप झाली नसेल, नाहीतर काहीतरी चावलं असेल. मग पाय सुजतात, पोट फुगतं, चड्डीचं इलॅस्टिक कातडीत रुतायला लागतं. रक्तातली प्रथिनं लघवीवाटे गळत असतात. सुरुवातीचा उपचार स्टेरॉइडचा: सहा आठवडे रोज, पुढचे काही आठवडे दिवसाआड. बहुतेक मुलं बरी होतात. पण आजार उलटतो. पुन्हा पुन्हा उलटतो, अगदी वर्षानुवर्षं.

म्हणून ही वही. रोज सकाळी पहिल्या लघवीत आई प्रथिनं तपासणारी कागदी पट्टी बुडवते. पिवळी राहिली तर जिवात जीव. हिरवी होत गेली तर वहीत अधिकच्या खुणा: एक, दोन, तीन. सलग तीन दिवस तीन-तीन खुणा आल्या की डॉक्टर गाठायचा.

हे घर जवानाचं असेल तर? वडील सीमेवरच्या चौकीत. दोन-तीन वर्षांनी बदली. गाव नवं, लष्करी इस्पितळ नवं, डॉक्टर नवा. जुनी फक्त वही. अशा घराला सैन्याच्याच इस्पितळात या विषयाचा जाणकार भेटणं किती मोलाचं, हे त्या आईलाच विचारा. छातीवरच्या पदकांत याचा हिशेब बसत नाही. तशी पदकंही आहेतच: विशिष्ट सेवा, अतिविशिष्ट सेवा, परमविशिष्ट सेवा.

(पडद्यावर: व्याख्यानगृह. पांढरे कोट, मागच्या बाकावर हळूच जांभई देणारा एक कॅडेट.)

ज्या कॉलेजात शिकल्या तिथेच त्या अधिष्ठाता झाल्या. एएफएमसीच्या पहिल्या महिला अधिष्ठाता. पुढे मेजर जनरल म्हणून उधमपूरला, उत्तर कमांडच्या वैद्यकीय सेवेची जबाबदारी. पंतप्रधानांच्या विज्ञान, तंत्रज्ञान आणि नवोन्मेष सल्लागार परिषदेवरही त्यांची नेमणूक झाली होती.

29 फेब्रुवारी 2020. लेफ्टनंट जनरलपदाची बढती. डॉ. पुनिता अरोरा आणि डॉ. पद्मावती बंडोपाध्याय यांच्यानंतर भारतीय सैन्यदलांत तीन तारे, म्हणजे लेफ्टनंट जनरल किंवा त्याच्या तोडीचा हुद्दा, मिळवणाऱ्या त्या तिसऱ्या महिला. आता पुणेकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही, आणि तशी ती करायला आपल्याला फारसं निमित्त लागतही नाही: या तिघीही एएफएमसीच्याच.

पती राजीव कानिटकर हेही लेफ्टनंट जनरल म्हणूनच निवृत्त झालेले. पती-पत्नी दोघंही या हुद्द्यावर पोहोचल्याचं आपल्या सैन्यदलांतलं हे पहिलं उदाहरण. बातम्यांनी ते फार आवडीनं सांगितलं. पण बदल्यांच्या दोन वेगवेगळ्या आदेशांवर एक संसार उभा करणं काय असतं, ते बातमीत मावत नाही.

नवं काम होतं एकात्मिक संरक्षण मुख्यालयात, वैद्यकीय उपप्रमुखाचं. तिन्ही दलांचा मेळ घालणारं संरक्षणदल प्रमुख (सीडीएस) हे पद त्या वर्षीच्या पहिल्या दिवसापासून सुरू झालेलं. भूदल, नौदल आणि हवाई दल यांच्या वैद्यकीय सेवांचा मेळ घालायचा होता. खुर्चीत बसून महिनाही झाला नाही, तोच देशभर टाळेबंदी लागली. सैन्याची इस्पितळं, विलगीकरण केंद्रं, डॉक्टर-परिचारिकांची जुळवाजुळव. समन्वयाची घडी बसायच्या आतच परीक्षा दारात उभी.

(पडद्यावर: नाशिक. विद्यापीठाची इमारत.)

जुलै 2021 मध्ये त्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. गणवेशाची जागा साडीनं घेतली. समोर मात्र पुन्हा विद्यार्थीच, आणि या वेळी अख्ख्या महाराष्ट्राचे: वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या.

इकडे 2024 साली डॉ. आरती सरीन सशस्त्र दल वैद्यकीय सेवेच्या महासंचालक झाल्या. त्या पदावरच्या पहिल्या महिला. त्यांचंही कॉलेज वानवडीचंच.