लोंबत्या फांद्यांचा डॉगवुड

(पडद्यावर: सकाळचं ऊन. घराच्या पूर्वेला एक बुटकं झाड.)

एप्रिलचा पहिला आठवडा. नॉर्थ कॅरोलिनातलं कॅरी. पालवी धड फुटलेली नाही, पण जमिनीकडे लोंबणाऱ्या या फांद्या पांढऱ्याशुभ्र झाल्यात. जरा जवळून बघू. या चार पांढऱ्या 'पाकळ्या' खरं तर पानंच, बोगनवेलीची असतात तशी. प्रत्येकीच्या टोकाला नखानं खुडल्यासारखी खाच. खरी फुलं मधल्या गुच्छात, हिरवट पिवळी, ज्वारीच्या दाण्याएवढी.

डॉगवुड इथलाच. १९४१ पासून तो या राज्याचं फूल आहे. टोकियोनं वॉशिंग्टनला चेरीची झाडं दिली, त्याची परतभेट म्हणून १९१५ मध्ये अमेरिकेनं जपानला पाठवला तो डॉगवुडच.

जंगलात हा ओक-पाइनच्या सावलीत वाढतो. आपण मात्र तो हौसेनं उघड्या लॉनच्या मधोमध लावतो आणि ऑगस्टमध्ये पानांच्या कडा करपल्या की हळहळतो. सकाळचं ऊन, दुपारची सावली, एवढं मिळालं की खूश.

(पडद्यावर: लाल माती, उघडा खड्डा.)

ही माती पाहून कोकण आठवतं, पण ही चिकण. पाणी धरून बसते. म्हणून खड्डा खोल नको, ऐसपैस हवा. मुळांचा गोळा जमिनीच्या वर इंचभर राहू द्यायचा. मुळं उथळ, त्यामुळे वर पाइनच्या सुयांचं दोन-तीन इंच आच्छादन. बुंध्याला मात्र ते टेकवायचं नाही.

लोंबता डॉगवुड कलमी असतो, साध्या डॉगवुडच्या खुंटावर (मुळांकडच्या भागावर) बांधलेला. खुंटातून सरळसोट फूट आली की मोह पडतो, 'वा, काय जोमानं वाढतंय!' ती फूट साध्या डॉगवुडची. लगेच काढायची, नाहीतर कलम मागे पडतं. बाकी छाटणी बहर ओसरल्याबरोबर, कारण पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळा सरतानाच धरतात.

(पडद्यावर: बुंध्याचा खालचा भाग.)

आणि ही जखम. गवत कापायच्या यंत्राची दोरी लागली, माझ्याच हातून. अशा फटीतून साल पोखरणारी अळी आत शिरते. त्याच आठवड्यात बुंध्याभोवतालचं गवत उपटून टाकलं. दोन वर्षं झाली. कडेनं नवी साल चढत आलीय, मधे अंगठ्याएवढी जागा अजून उघडी आहे.