गुरुवारचं पुस्तक

बसा, बसा. खुर्च्या कमी पडल्या तर पोरांनी उठून द्यायच्या, एवढं अजून कोल्हापुरात चालतं.

विषय दिलाय ‘वाचन आणि जगणं’. मी वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर 31 वर्षं बसलो. तुम्ही काय वाचलंत यापेक्षा पुस्तक कधी परत आणलंत, याच्याशी माझा जास्त संबंध. त्यामुळं वाचनानं माणूस सुधारतो असं काही माझ्या तोंडून येणार नाही. आजचं करवीर नगर वाचन मंदिर 1850 साली निघालं. त्या हिशोबानं आपण सगळे एव्हाना संत व्हायला पाहिजे होतो की!

आमचे एक वर्गणीदार होते. नाव सांगत नाही. पेठेतलं जुनं घर, इतिहासाचं कपाट जवळजवळ पाठ. 26 जूनला शाहू जयंतीला हमखास भाषण. 1917 चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम, 1919 चा आंतरजातीय विवाहाचा कायदा, सालासकट सांगायचे. गंगाराम कांबळेंच्या हॉटेलची गोष्ट सांगताना तर आवाज भरून यायचा. पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून गंगारामला मारहाण झाली. महाराजांनी त्याला हॉटेल काढून दिलं आणि स्वतः तिथं जाऊन चहा घेतला.

मला त्या गोष्टीत कायम एकच जागा अडते. पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम 1902 मध्येच निघाला होता. कागद होताच. तरी महाराजांना गाडी थांबवून चहा प्यावा लागला, आणि तोही चारचौघांदेखत. लोक हुकूम वाचतात आणि घडी घालून ठेवतात, हे त्यांना ठाऊक असणार.

तर या गृहस्थांच्या मुलीनं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं. मुलगा शिकलेला, नोकरीला, शांत. यांनी दार लावलं ते लावलंच. पुढच्या जयंतीला भाषण मात्र झालं. मी टाळ्या वाजवल्या, तेवढा मीही त्यातलाच.

दोन-तीन महिन्यांनी त्यांच्या बायको वाचनालयात आल्या. चौथी शिकलेल्या. म्हणाल्या, “माझ्या नावावर खातं काढा.” अनामत चोळीतल्या बटव्यातून मोजून दिली. दर गुरुवारी पाचला यायच्या, वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसायच्या. थोड्या वेळानं मुलगी यायची. माय-लेकी समोरासमोर पेपर धरून कुजबुजायच्या. ‘शांतता राखा’ची पाटी त्यांच्या डोक्यावरच होती. मी तिकडं बघायचंच सोडलं. जाताना मुलगी कपाटातलं एखादं पुस्तक काढून द्यायची, कारण घरी रिकाम्या हातानं गेलं तर विचारणार.

गंमत म्हणजे बाई ती पुस्तकं खरंच वाचायला लागल्या. सुरुवातीला बोट ठेवून. एकदा कादंबरी परत करताना मला म्हणाल्या, “ह्यातला बाप आमच्या ह्यांच्यासारखाच हाय. पण ह्यातला रडतो तरी.” एवढं नेमकं परीक्षण मी 31 वर्षांत दुसरं ऐकलं नाही.

पावसाळ्यात बाई आजारी पडल्या. मुदत उलटून बारा दिवस झाले, तेव्हा पुस्तक घेऊन गृहस्थ स्वतः आले. “दंड किती?” सांगितला. त्यांनी सुट्टे मोजले. पुस्तक मात्र टेबलावरून सरकवेनात. आतल्या तारखा बघत होते, सगळ्या सात-सात दिवसांच्या. मग विचारलं, “ती कुठं बसते?”

मी टेबल दाखवलं.

“किती वाजता?”

“पाच.”

पुढच्या गुरुवारी बाई आल्या, ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या गुरुवारी आले, पण आत नाही. रस्त्यापलीकडं चहाचा गाडा होता. जावई तिथंच बायकोची वाट बघत उभा असायचा. गृहस्थ गाड्याच्या दुसऱ्या टोकाला थांबले. मी खिडकीतून बघत होतो. बराच वेळ दोघं रस्त्याकडं तोंड करून उभे. मग गाडेवाल्यानं न सांगता दोन कप भरले.