फोटोच्या मागे काय लिहिलंय?

[पडद्यावर: पोस्टकार्ड आकाराचा कृष्णधवल फोटो. एक हात तो उलटा करतो. मागे निळ्या शाईतलं तिरपं अक्षर.]

"चि. बाळूची मुंज, वैशाख 1978. डावीकडून ताईआजी, नाना, वहिनी. मागे उभे नागपूरचे काका." त्याखाली स्टुडिओचा जांभळा शिक्का आणि निगेटिव्हचा नंबर. जादा प्रत हवी असेल तर हा नंबर कळवायचा.

फोटो तसा बेताचाच. बटूचे डोळे मिटलेले, काका अर्धे खांबाआड. पण या घराशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसाच्या हातात दिला, तरी कोण, कधी आणि कशासाठी, हे त्याला कळतं.

आता याच घरातल्या नातीचा फोन बघू. फोटो हजारोंनी, एकेक लखलखीत. त्यातल्या एकाचं नाव 'आयएमजी 4471'. पुढच्याचं 'आयएमजी 4472'. हे असं कसं झालं ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

कॅमेऱ्यात 36चा रोल असायचा. भरणारा हुशार असला तर 37, क्वचित 38 फोटोही निघायचे, आणि त्या फुकटच्या फोटोंचं कोण कौतुक! उन्हाळ्याच्या सुट्टीत घातलेला रोल गणपतीपर्यंत पुरवायचा. शेवटी एखादा फोटो उरला की घरातलं कुणीतरी म्हणायचं, "काढून टाक कशाचा तरी, रोल धुवायला द्यायचाय." म्हणून कितीतरी अल्बमांच्या शेवटच्या पानावर तुळशीवृंदावन असतं, नाहीतर मांजर. फोटो मोजके होते, म्हणून मागे चार ओळी लिहायचा कुणाला कंटाळा नव्हता.

[पडद्यावर: निळसर रंगाची अवजड पेटी, बाजूला कॅसेट.]

डिसेंबर 1975. अमेरिकेतलं रॉचेस्टर शहर. कोडॅकमधला स्टीव्हन सॅसन हा तरुण इंजिनिअर फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा जुळवतो. वजन साडेतीन किलोच्या वर. चित्र 100 बाय 100 ठिपक्यांचं, सगळे मिळून दहा हजार. ते साठवायचं साध्या कॅसेटवर, आणि एक फोटो टेपवर उतरायला 23 सेकंद लागायचे. एका कॅसेटवर 30 फोटो. हा आकडा सॅसननं 24 आणि 36 यांच्या मधला धरला होता, कारण माणसांना रोलची सवय होती. म्हणजे नव्या यंत्राला मर्यादा घातली ती जुन्या सवयीनं.

ती मर्यादा फार दिवस टिकली नाही. 1997 मध्ये सोनीचा माविका कॅमेरा आला, त्यात चक्क साडेतीन इंची फ्लॉपी सरकवायची. जागा 1.44 एमबी. आजच्या फोनमधला एक फोटोही त्यात मावणार नाही. 1999 मध्ये सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा यांनी मिळून एसडी कार्ड जाहीर केलं. त्या मूळ जातीच्या कार्डाची मजल 2 जीबीपर्यंत गेली. 2006 मध्ये नवी मर्यादा ठरली 32 जीबी, 2009 मध्ये 2 टीबी (एक टीबी म्हणजे हजार जीबी) आणि 2018 मध्ये 128 टीबी. एवढं मोठं कार्ड बाजारात मिळो न मिळो, नियमात त्याची सोय करून ठेवली आहे.

जरा हिशेब करू. एक फोटो 4 एमबीचा धरला तर 128 जीबीच्या कार्डावर 32 हजार फोटो बसतात. एकेका फोटोकडे एकच सेकंद पाहायचं म्हटलं, तरी जवळजवळ नऊ तास झाले. 128 टीबीचं कार्ड असेल तर न जेवता, न झोपता बघत बसा, वर्ष अपुरं पडेल.

यावर सगळे सांगतात, नको ते फोटो डिलीट करा. मला हे फारसं पटत नाही. मोदकाच्या ताटाचे अकरा फोटो असतील तर असू देत. त्यातले दहा निवडून पुसण्यात जो वेळ जातो, त्याची किंमत त्या जागेपेक्षा जास्त आहे. खरी अडचण आहे ती त्या ताटापाशी कोण बसलं होतं, हे कुठेच लिहिलेलं नसण्याची.

कॅमेरा काहीच लिहीत नाही, असं मात्र नाही. खूप लिहितो. 1995 मध्ये जपानमध्ये एक्झिफ नावाचा संकेत ठरला. फोटोच्या फाइलमध्येच एक कप्पा असतो आणि त्यात कॅमेरा आपणहून नोंद करतो: तारीख, वेळ, शटरचा वेग, लेन्स, फ्लॅश पडला की नाही. फोन असेल तर अक्षांश, रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंचीसुद्धा. सज्जनगडावर काढलेल्या फोटोत गडाची उंची येते, शेजारी उभ्या असलेल्या मावशीचं नाव येत नाही.

[पडद्यावर: तालुक्याच्या गावातला फोटो स्टुडिओ. कपाटात हार्डडिस्कची चळत, प्रत्येकीवर चिकटवलेला कागद: 'लग्नसराई', खाली वर्ष.]

नावाशिवाय फोटोचं काय होतं, हे लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना विचारा. कॅमेऱ्यातलं कार्ड उघडलं की 'डीसीआयएम' नावाचा फोल्डर दिसतो. हाही जपानी संकेतच. त्यातल्या फाइलींना चार आकडी नंबर असतो. तो 9999 पर्यंत चढतो आणि परत 0001 वर येतो. लग्नात दोन कॅमेरे असतात, एक वराकडे, एक वधूकडे. बऱ्याचदा एकाच कंपनीचे. दोन्ही कार्डं एकाच फोल्डरमध्ये ओतली की कॉम्प्युटर विचारतो, "याच नावाची फाइल आहे, बदलू का?" रात्री दोनला, डोळ्यांवर झोप असताना माणूस 'हो' म्हणतो. वराकडचे नऊवारी नेसलेल्या आजीचे फोटो वधूकडच्या जिलेबीखाली गाडले जातात.

घड्याळांची गंमत याहून वरची. दोन कॅमेऱ्यांच्या घड्याळांत पाच मिनिटांचा फरक असला आणि सगळे फोटो वेळेनुसार लावले, तर अंतरपाट धरलेला असतानाच नवरीच्या गळ्यात हार दिसतो. मंगलाष्टकं नंतर. म्हणून जाणते फोटोग्राफर कामाला लागण्याआधी दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच घड्याळाचा फोटो काढून ठेवतात. मग फरक किती ते कळतं आणि एका झटक्यात साऱ्या फोटोंची वेळ सरकवता येते. घरच्या कॅमेऱ्याची बॅटरी बरेच दिवस उतरलेली असली की त्याचं घड्याळही मूळपदावर जातं. मग दिवाळीचे फोटो 1 जानेवारीला काढलेले निघतात.

आणि व्हॉट्सअ‍ॅप? ते फोटो आकारानं लहान करतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच वेळी एक्झिफचा तो कप्पाही झाडून टाकतं, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. फाइलच्या नावात तारीख असते, पण ती पाठवल्या-मिळाल्याची. कुणीतरी बाळूच्या मुंजीच्या फोटोचा फोनवर फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला, की 1978ची मुंज या वर्षीच्या मे महिन्यात जाऊन बसते, सुप्रभातच्या गुलाबांच्या शेजारी. त्यातून फोटो काढणारा पुढूनच काढतो. उलटा करून मागच्या अक्षराचा काढावा, हे सुचत नाही. तेवढं केलं तरी खूप झालं: आधी पुढची बाजू, लगेच मागची, दोन्हींना एकच नंबर. आणि पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचं, म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते.

आता लिहायचं कुठे? फाइलच्या नावातच वर्ष, महिना, दिवस या क्रमानं तारीख आणि दोन शब्द घातले, '1978-05 बाळूची मुंज' असे, तरी सगळं आपोआप कालक्रमानं लागतं. त्याहून पक्की जागा फाइलच्या आत आहे. वर्तमानपत्रांच्या छायाचित्रकारांसाठी 1990 च्या दशकातच फोटोखालच्या ओळींची, म्हणजे कॅप्शनची, एक चौकट ठरली. फोटो हाताळणाऱ्या बहुतेक चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ती असते आणि तिच्यात मराठीतही लिहिता येतं. डावीकडून ताईआजी, नाना, वहिनी. हा मजकूर फोटोबरोबर पेन ड्राइव्हवर जातो, नातीच्या लॅपटॉपवर जातो.

गूगल फोटोजमध्ये वर्णनाची जागा आहे, पण तिथे लिहिलेलं फोटोच्या फाइलमध्ये उतरत नाही, गूगलच्या वहीत राहतं. सगळे फोटो परत मागवले तर फोटो एका फाइलमध्ये आणि वर्णन शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये मिळतं. ती दुसरी फाइल पाहून बहुतेक जण ती कचरा म्हणून पुसतात.

ठेवायचं कसं, यावर एक जुना नियम आहे, पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारानं रूढ केलेला: प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, आणि एक प्रत घराबाहेर. शेवटचा भाग आपण सोडून देतो. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै 2021 मध्ये चिपळूणमध्ये पाणी घरांत शिरलं, तेव्हा कपाटात अल्बम आणि हार्डडिस्क शेजारी शेजारी असतील तर दोन्ही एकदमच बुडणार. अशा वेळी कागदावरचे फोटो स्वच्छ पाण्यात अलगद सुटे करून, सावलीत पसरून वाळवता येतात. चिखल आत शिरलेल्या डिस्कचं घरी काहीच करता येत नाही. दुसरी डिस्क भावाकडे, मुलीकडे, पुण्यात, बडोद्यात, कुठेही चालेल.

[पडद्यावर: फोनमधली सेटिंग्ज.]

राहता राहिला पासवर्ड. फोटो क्लाउडवर आहेत, खातं वडिलांचं आहे आणि वडील गेले. दोन वर्षं वापर झाला नाही तर गूगल असं वैयक्तिक खातं आतल्या फोटोंसकट पुसू शकतं. हे धोरण 2023 मध्ये आलं. उपाय मात्र 2013 पासून आहे. गूगलच्या सेटिंग्जमध्ये 'निष्क्रिय खातं' अशी सोय शोधायची. किती महिने हालचाल नसेल तर खातं बंद समजायचं ते ठरवायचं: तीन, सहा, बारा की अठरा. मग जास्तीत जास्त दहा जणांची नावं द्यायची आणि प्रत्येकाला खात्यातलं काय मिळावं, ते निवडायचं. आयफोनवर अशीच सोय 2021च्या अखेरीस आली. चहा गार व्हायच्या आत होणारं काम आहे. आईवडिलांच्या फोनवर ते आपणच, त्यांच्या शेजारी बसून करावं, कारण मधे एक ओटीपी येतो आणि तो कुठे आला हे त्यांना सापडत नाही.