नियमातलं ‘तर’ आणि प्रोग्रॅममधलं ‘इफ’

[दृश्य: दादर, संध्याकाळ. विरार फास्ट फलाटाला लागते.]

फर्स्ट क्लासच्या डब्यात चढलात, तर तिकीटही फर्स्ट क्लासचंच हवं. तर्कशास्त्र या नियमाकडे चार शक्यता मांडून बघतं. डबा फर्स्ट की सेकंड, तिकीट फर्स्ट की सेकंड. नियम मोडतो तो एकाच शक्यतेत: डबा फर्स्टचा, तिकीट सेकंडचं. बाकी तिन्हींत विधान सत्य. फर्स्टचा पास खिशात घालून कुणी सेकंडमध्ये लटकत असेल, तरी नियम शाबूत.

[दृश्य: टेबलावर चार कार्डं.]

प्रत्येक कार्ड म्हणजे एक प्रवासी. एका बाजूला डबा, मागे तिकीट. वर दिसतंय: फर्स्टचा डबा, सेकंडचा डबा, फर्स्टचं तिकीट, सेकंडचं तिकीट. नियम मोडलाय का, हे शोधायला कोणती कार्डं उलटायची? पहिलं आणि चौथं. सेकंडचं तिकीट हातात असलेला माणूस कुठे बसलाय, हे बघावंच लागतं. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी 1966 साली असंच कोडं अक्षरं आणि आकडे घालून विचारलं, तेव्हा बहुतेकांचं चौथं कार्ड सुटलं.

[दृश्य: स्क्रीनवर कोड.]

आता प्रोग्रॅम. “इफ डबा फर्स्ट, तिकीट तपास.” ही आज्ञा आहे. अट खरी निघाली की आतली ओळ चालते, नाहीतर कॉम्प्युटर पुढे सरकतो. या ओळीला सत्य किंवा असत्य म्हणताच येत नाही. आणि चौथं कार्ड ती आपणहून उलटत नाही. तिकिटाकडून सुरुवात करून डबा शोधायचा असेल, तर ती अट वेगळी लिहावी लागते. नियमच कोडमध्ये हवा असेल, तर तो असा उतरतो: “नॉट फर्स्टचा डबा, ऑर फर्स्टचं तिकीट.” याला मात्र ट्रू किंवा फॉल्स असं उत्तर मिळतं.

क्रमाचंही तसंच. तर्कशास्त्रात ‘अ आणि ब’ म्हणा की ‘ब आणि अ’, अर्थ तोच. जावा किंवा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषांमध्ये ‘पास आहे अँड पासची मुदत शिल्लक आहे’ हे नीट चालतं, कारण पास नसेल तर दुसरी अट तपासलीच जात नाही. अटींची अदलाबदल करा: नसलेल्या पासची मुदत वाचायला जाऊन प्रोग्रॅम कोसळतो.

सगळ्यात महाग पडतो तो वेळ. तर्कशास्त्रातल्या विधानाला घड्याळ नसतं. बुकिंगच्या प्रोग्रॅममध्ये “इफ सीट शिल्लक, एक वजा कर” असं असतं. शेवटच्या सीटसाठी दोन विनंत्या एकदम आल्या. दोघींनी तपासलं तेव्हा शिल्लक एक, म्हणजे दोघींची अट खरीच होती. तपासणं आणि वजा करणं यांच्यामध्ये दुसरी शिरली, आणि एकाच सीटची दोन तिकिटं निघाली. टेस्टिंगला एकच माणूस बसला तर हे कधीच दिसत नाही. म्हणून दोन्ही कामं एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकसंध काम म्हणून, आणि लॉक घेऊन, म्हणजे तोवर दुसऱ्या विनंतीला थांबवून करायची.

[दृश्य: यार्डाकडे निघालेली रिकामी लोकल.]

या डब्यातल्या प्रत्येकाकडे तिकीट आहे का? डब्यात कुणीच नाही, म्हणजे बिनतिकिटाचाही कुणी नाही, म्हणून तर्कशास्त्र म्हणतं, आहे. इथे पायथनही तर्कशास्त्राच्याच बाजूने: यादीतलं सगळं खरं आहे का हे सांगणारं त्याचं ‘ऑल’ फंक्शन रिकाम्या यादीला ट्रू म्हणतं. कागदपत्रं तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हे घातक. अर्जदाराने एकही कागद जोडला नाही, तरी “सगळे कागद वैध” असा शेरा पडतो. तेव्हा आधी यादीची लांबी तपासा, मगच ‘ऑल’.