सौरज्वालेचा अंदाज: रेडिओतून काय दिसतं?

श्रोतेहो, नमस्कार. सौरज्वाला, म्हणजे सूर्यावरचा अचानक ऊर्जास्फोट, दुर्बिणीत दिसते, त्याच क्षणी तिचे क्ष-किरणही पृथ्वीवर आदळलेले असतात. प्रकाश आणि क्ष-किरण दोघांनाही सूर्याहून इथे यायला सव्वाआठ मिनिटं लागतात. दिवस असलेल्या भागात लघुलहरींवरची रेडिओ केंद्रं तेव्हाच ऐकू येईनाशी होतात. इशारा द्यायचा तर ज्वाला पेटण्याआधीच काही खूण सापडायला हवी.

अनेकांची नजर आधी 10.7 सेंटिमीटरच्या आकड्यावर, म्हणजे सूर्याकडून त्या तरंगलांबीवर येणाऱ्या रेडिओ लहरींच्या तीव्रतेवर जाते. कॅनडात 1947 पासून तो रोज मोजतात. सूर्य शांत असताना 70 च्या आसपास, ऐन भरात 200 च्या वर. सौरचक्र, म्हणजे सूर्याच्या सक्रियतेचा चढउतार, कुठवर आलं हे त्यावरून छान कळतं. ज्वालेसाठी मात्र त्यावर विसंबू नये, कारण ती सगळ्या सूर्याची बेरीज आहे. सूर्यावरच्या डागांचा नेमका कुठला समूह बिघडतोय ते त्यात बुडून जातं.

म्हणून प्रत्येक समूह वेगळा आणि अनेक वारंवारतांवर मोजायचा. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन गिरक्या घेतात. गॉस या एककात मोजलेल्या क्षेत्राला 2.8 ने गुणलं की गिरक्यांची वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये मिळते, आणि डागावरून येणारी लहर बहुधा तिच्या दुप्पट किंवा तिप्पट वारंवारतेची असते. समजा, 10 गिगाहर्ट्झला, म्हणजे 3 सेंटिमीटरला, समूह ठळक दिसला. तिप्पट धरून 10,000 ला 8.4 ने भागा: सुमारे 1,200 गॉस. हे क्षेत्र पृष्ठभागावरचं नव्हे, वरच्या दहा लाख अंश तापलेल्या प्रभामंडलातलं, म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या वातावरणातलं आहे, आणि ज्वालेची ऊर्जा साठते ती तिथेच!

जपानच्या तानाका आणि एनोमे यांनी 1975 मध्ये यावरून एक कसोटी मांडली. समूहाची 3 सेंटिमीटरवरची तीव्रता 8 सेंटिमीटरवरच्या तीव्रतेहून जास्त झाली, तर प्रोटॉन फेकणारी मोठी ज्वाला संभवते. एरवी पारडं लांब लहरींकडे झुकलेलं असतं. विरुद्ध चुंबकीय ध्रुवता भिडतात त्या रेषेवर छोटा, प्रखर स्रोत उगवला की ते उलटतं.

कॉकेशसमधली रतान-600 ही 576 मीटर व्यासाची, 895 पत्र्यांची वर्तुळाकार दुर्बीण अशा नोंदी घेते. सूर्य तिच्या अरुंद, उभ्या पट्ट्यातून सरकत जातो आणि लहरींचं डावं-उजवं ध्रुवीकरण, म्हणजे त्या कुठल्या बाजूला गिरकी घेतात ते, वेगळं नोंदलं जातं. अडचण त्या पट्ट्याचीच: एकाखाली एक असलेले दोन समूह एकाच शिखरात मिसळतात, 3 आणि 8 सेंटिमीटरच्या तीव्रतांचं गुणोत्तर फसवं येतं. अशा वेळी चुंबकीय नकाशा शेजारी ठेवूनच वाचावं. दिवसाला एकच नोंद असेल, तर काही तासांत झालेला बदल हातून निसटतो.

शिवाय ऊर्जेने भरलेला समूह कधी न पेटताच विरतो. म्हणून अंदाज ‘येत्या 24 तासांत इतके टक्के शक्यता’ असाच देतात, मध्यम ज्वालेसाठी वेगळा आणि तीव्र ज्वालेसाठी वेगळा.